बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एलजीबीटी मुलं : वाईट रात्री फोन कुणाला करायचा?

क्लासवाली_वडगाव

नमस्कार मंडळी. हा विषय आपल्याकडं कुणी उघड्यावर घेत नाही, म्हणून सरळ धागाच काढते.

मी पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांचे अकाउंट्सचे क्लास घेते. क्लास सुटल्यावर शंका विचारायला मुलं मागं थांबतात आणि कधीकधी शंका अकाउंट्सची नसतेच. एखादा सांगतो, टीचर, मला मुली आवडत नाहीत. एखादी सांगते, हे अंग माझं वाटतच नाही. आणि त्यातलंच एखादं पोर बोलता बोलता 'नकोच वाटालंय सगळं' इथवर येतं.

अशा वेळी काय करायचं, कुणाला गाठायचं, हे एका जागी लिहून ठेवू या. मुंबई-पुण्याच्या याद्या नेटवर पुष्कळ आहेत, पण त्या इथं अर्ध्याच चालतात. आपली पोरं घरात मराठी बोलतात, कॉलेजात इंग्रजी लिहितात आणि सरकारी दवाखान्यात गेली की पाटी कन्नड, चिठ्ठी कन्नड. आधीच जे सांगायला जीभ उचलत नाही, ते तिसऱ्या भाषेत कुठून सांगणार?

मला ठाऊक असलेलं आधी लिहिते. टेली मानस, नंबर १४४१६. मानसिक त्रासात फोनवर बोलायची केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडं तिची मुख्य जबाबदारी. फुकट, चोवीस तास, वीस भाषांत, आणि त्यात मराठी आहे. तो नंबर लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६. अठराच्या आतलं पोर असेल तर १०९८ (चाइल्डलाइन) सुद्धा. जिवावर बेतलंय असं दिसलं तर ११२.

पण नंबर हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न प्रत्येक पोर एकच विचारतं, 'कुणाला कळणार नाही ना?' आपल्याकडं गल्लीत एकाला कळलं की मंडळाला कळतं, मंडळाला कळलं की भिशीला कळतं. मानसोपचारवाल्या डॉक्टरच्या बाहेर बाकावर ओळखीच्या काकू बसलेल्या असतातच आणि 'तू हितं कसा रे?' विचारल्याशिवाय त्यांना राहवत नाही. याला काय उपाय, ते जाणकारांनी सांगावं.

खानापूर_पॅसेंजर

धाग्याबद्दल आभार. वाचनखूण साठवली.

भाषेचं अगदी खरं. माझ्या चुलतभावासाठी मी स्वतः १४४१६ लावला होता (कारण वेगळं होतं, परीक्षेचं टेन्शन). भाषा कुठली ते आधी विचारतात, तिथं घाई करून फोन ठेवायचा नाही. कन्नड आवाज ऐकला की आपली पोरं पटकन कट करतात. थांबायचं, मराठी मागायची. मराठीवाल्याला वेळ लागणार असेल तर हिंदी चालेल म्हणायचं, पण ठेवून द्यायचा नाही.

सडेतोड_अण्णा

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मोबाइल आला आणि हे सगळं आलं. वेळेवर लग्न लावून दिलं की सुतासारखी सरळ होतात पोरं. उगाच धागे काढून नसतं डोक्यात भरवू नका.

सोशलवर्कर_धारवाड

अण्णा, तुमच्याकडं येते, पण आधी क्लासवाली ताईंचा प्रश्न. मी मनोरुग्णांच्या समाजसेवेत काम करते, त्यामुळं प्रतिसाद लांबणार आहे.

पहिली गोष्ट, विचारा. सरळ विचारा, 'आत्महत्येचे विचार येतायत का?' असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती सगळ्यांना असते. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट, कुणीतरी हा शब्द न घाबरता उच्चारला म्हणून पोरं मोकळी होतात. मात्र 'असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' हा प्रश्न नाही. त्यात उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं, पोरानं फक्त मान हलवायची.

'हो' म्हणालं तर दचकू नका, शपथा घालू नका, आईबापाच्या कष्टांची यादी वाचू नका. कधीपासून येतायत, आत्ता येतायत का, काही ठरवलंय का, एवढं शांतपणे विचारा. ठरवलंय म्हणालं तर एकटं सोडायचं नाही. ११२ लावा, किंवा सरळ मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, नेहरूनगरात केएलईचं आहे.

दुसरी गोष्ट, 'कुणाला कळणार नाही ना?' याची. इथं आपण दोन गुपितं एकत्र बांधतो आणि फसतो. एक गुपित म्हणजे पोरगं गे आहे, ट्रान्स आहे, जे काही आहे ते. ते त्याचं आहे. कधी, कुणाला, सांगायचं की नाही, हे तेच ठरवणार. दुसरं गुपित म्हणजे त्याच्या जिवाला धोका आहे. हे गुपित एकट्यानं सांभाळायचं नसतं, दोनचार माणसांनी वाटून घ्यायचं असतं. आणि दुसरं सांगताना पहिलं सांगावं लागत नाही! 'सध्या याला फार जड जातंय, काही दिवस एकटं ठेवायला नको, डॉक्टरांना दाखवू या.' झालं. आईला एवढं पुरतं. कशानं ते विचारलं तर 'त्याचं तो सांगेल' म्हणायचं आणि विषय आटपायचा.

म्हणून पोराला 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. सुरुवातीलाच सांगा, 'तू कोण आहेस हे माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावणार, आणि बोलावताना तुला सांगून बोलावणार.' एवढं स्पष्ट बोललेलं मुलांना आवडतं. डॉक्टरांनाही हेच बंधन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम २३ पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावतं, जिवाच्या धोक्यासारखे मोजके अपवाद सोडून. त्याच कायद्याचं कलम १८ सांगतं की लैंगिक कल किंवा लिंग बघून उपचारात भेदभाव करता येणार नाही.

तिसरी गोष्ट, कागद. सेफ्टी प्लॅन म्हणतात त्याला. पोरानं स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या भाषेत लिहायचा. नमुना देते (कुणा एकाचा नाही, मीच जुळवलेला आहे) :

'बिघडायला लागलं की मी जेवण पुढं ढकलतो. स्टेटस टाकायचं बंद करतो. रात्री दोनला जुने मेसेज वाचत बसतो.
तेव्हा करायचं : मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. गार पाण्यानं तोंड धुणे. गच्चीवर न जाता खाली येणे.
माणसांत जायचं : व्हॅक्सिन डेपोवर चालायला. नाहीतर मारुती गल्लीत मित्राच्या दुकानात, तिथं बोलावं लागत नाही.
यांना सांगू शकतो : मामेबहीण. क्लासच्या टीचर.
नाहीच जमलं तर : १४४१६, ११२.
घरात काय लांब ठेवायचं : ते ताईनं ठेवलंय.'

बस, इतकाच. शेवटच्या ओळीकडं लोक दुर्लक्ष करतात, पण ती फार महत्त्वाची. मरावंसं वाटण्याची तीव्र लाट बहुतेक वेळा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ धोक्याची वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढं आत्महत्येनं जात नाहीत. आपला सगळा ऊस-तंबाखू-भाजीचा पट्टा. फवारणीची औषधं कुलपात, किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडं. घरातल्या गोळ्याही तशाच. श्रीलंकेनं १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. तिथल्या शेतकऱ्यांची दुःखं काही संपली नव्हती, फक्त ती वस्तू हाताशी राहिली नाही.

आता अण्णा. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या यादीतून १७ मे १९९० ला काढली. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. 'सरळ करून देतो' म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या खटल्यानंतर ठरवलं. लग्न लावून सरळ होतात म्हणता, तर त्या लग्नात आणखी एक मुलगी असते. तिचा विचार कुणी करायचा?

रेणुका_सौंदत्ती

अण्णांच्या 'आमच्या वेळी नव्हतं' वर.

अण्णा, तुम्ही यल्लम्माच्या डोंगरावर कधी गेलाच नाहीत का? मार्गशीर्ष पुनवेला कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या भरून येतात. चौंडकं घेतलेले, हिरवं लुगडं नेसलेले जोगप्पे, जोगते (देवीला वाहिलेले, बाईच्या वेशात राहणारे) आपल्या आजीपणजीनं बघितलेत, त्यांच्या परडीत पीठ घातलंय, पाया पडलेत. मंजम्मा जोगती यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, कर्नाटक जानपद अकादमीच्या त्या अध्यक्षा होत्या. मोबाइलनं आणलं म्हणता ते डोंगरावर कित्येक पिढ्या आहे.

पण याचं कौतुकही फार करू नये असं माझं मत. डोंगरावर पाया पडणारा माणूस स्वतःचा पोरगा तसा निघाला की घराबाहेर काढतो. आणि 'देवीनं धरलंय' म्हणून पोराला कुणाच्या तरी हवाली करून मोकळं होणं हा काही आधार नव्हे. त्या पोराला शाळा पूर्ण करायची असेल, आयटीआय करायचा असेल. त्याला जोगता व्हायचंय का, हे कुणी विचारतं का?

सडेतोड_अण्णा

विचारलेल्या मुलीबद्दल उत्तर नाही माझ्याकडं. बाकी मत तेच.

निपाणीकर_बाबा

बाप म्हणून लिहितो. मुलगी एकवीसची असताना तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आमचा तंबाखूचा व्यापार, माणसं वजनकाट्यावर ओळखायची सवय. मी तिच्या खोलीत गेलो आणि सुचलं तेवढंच बोललो, 'जेवलीस काय?' नाही म्हणाली. मग दोघं जेवलो, भाकरी आणि वाटाण्याची उसळ. जेवताना ती म्हणाली, 'बाबा, मी मरून जाईन असं वाटत होतं.' मी म्हटलं, 'मला उठवायचं. रात्री कितीही वाजू देत.' तिनं दोनदा उठवलं. बसलो. टीव्ही लावला, आवाज बंद करून.

डॉक्टर कोल्हापूरचा धरला. निपाणीतून चाळीस किलोमीटर, एसटीही आहे, आणि तिथं आपल्याला ओळखणारं कुणी बाकावर बसलेलं नसतं. बेळगावलाही जाता आलं असतं, पण बेळगावात आमचे अर्धे सोयरे. क्लासवाली ताईंनी बाकाचं लिहिलंय त्यावर माझा उपाय हा. उलट कोल्हापूरवाल्यांनी बेळगावला यावं!

सोयऱ्यांना काय सांगितलं? तब्येत बरी नव्हती. कशानं? 'ॲसिडिटी.' आजतागायत ॲसिडिटीच आहे.

पुण्यातला_टिळकवाडीकर

निपाणीकर बाबा, _/\_

यात आकडेवारीचं बोलायचं तर, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) अहवालात २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात १३,०४४ विद्यार्थी. कारणांच्या रकान्यात सगळ्यात मोठा वाटा 'कौटुंबिक समस्या', ३१.७ टक्के. त्यात गे, लेस्बियन मुलं किती हे त्या अहवालात कळत नाही, तसा रकानाच नाही. लग्नाची जबरदस्ती झालेली मुलगीही 'कौटुंबिक समस्या' आणि सासुरवासाची सूनही तीच.

बाहेर अभ्यास झालेत. अमेरिकेत २००९ च्या एका अभ्यासात, ज्या एलजीबी तरुणांना किशोरवयात घरच्यांनी फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट दिसलं. तिथली ट्रेव्हर प्रोजेक्ट ही संस्था १९९८ पासून अशा मुलांसाठी हेल्पलाइन चालवते. त्यांच्या २०१९ च्या पाहणीत, स्वीकारणारं निदान एक मोठं माणूस ज्यांना होतं त्यांच्यात गेल्या वर्षातला प्रयत्न ४० टक्क्यांनी कमी होता. एक माणूस. आईबापच पाहिजेत असं नाही. क्लासच्या टीचर चालतात.

अवांतर : पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, मराठीतून या विषयावर त्यांनी भरपूर लिहिलंय. आईवडिलांना द्यायला मराठी वाचन हवं असेल तर तिकडं शोधा. बंगळूरला संगमा ही संस्था १९९९ पासून आहे. मुंबईत टिसची (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची) आयकॉल आहे, फोनवर समुपदेशन करतात.

वाचनमात्र_२३ (रात्री ११.४८)

लॉगिन आत्ताच केलंय. वर्षभर नुसता वाचतो हितलं.

ज्याच्याशी बोलायचो त्याचं लग्न झालं परवा, गडहिंग्लजला. मी पंगतीत वाढायला होतो. घरात माझ्यासाठी पण स्थळं बघालेत. मला काही विचारायचं नाहीये. नुसतं लिहावं वाटलं. कंटाळलोय.

क्लासवाली_वडगाव (रात्री ११.५१)

लिहिलंस ते बरं केलंस. मी जागी आहे आणि इथंच आहे.

सरळ विचारते, रागावू नकोस. आत्महत्येचा विचार येतोय का?

वाचनमात्र_२३ (रात्री ११.५७)

हो. आत्ता काही करणार नाही असं वाटतंय.

क्लासवाली_वडगाव (रात्री ११.५८)

'वाटतंय' म्हणालास, म्हणून आणखी विचारते. घरात कोण आहे? तू कुठल्या खोलीत आहेस? नाव-गाव काही नको सांगू.

वाचनमात्र_२३ (रात्री १२.०२)

वरच्या खोलीत. आईबाबा लग्नाला गेलेत दुसऱ्या. खाली आजी झोपलीय.

क्लासवाली_वडगाव (रात्री १२.०३)

खाली जा. आजीच्या खोलीत अंथरूण घाल. वरच्या खोलीत जे काही जवळ असू नये असं तुला स्वतःला वाटतं, ते वरच राहू दे, दार ओढून घे.

वाचनमात्र_२३ (रात्री १२.०५)

आजी विचारंल की.

क्लासवाली_वडगाव (रात्री १२.०५)

पोटात दुखतंय म्हण. ओवा देईल, खा.

खानापूर_पॅसेंजर (रात्री १२.०७)

भावा, मी पण जागा आहे. खाली गेलास की १४४१६ लाव. भाषा मराठी निवड. त्यांना गडहिंग्लजचं सांगायचं नसेल तर नको सांगू, 'जीव नकोसा झालाय' एवढंच म्हण, पुढचं त्या विचारतात. लागला नाही तर परत लाव. आम्ही इथं आहोत.

संपादक मंडळ (रात्री १२.१०)

या सदस्याला कुणीही नाव, गाव, कॉलेज, फोटो विचारू नये, व्यक्तिगत निरोपातूनही नाही. इथल्या ओळखी लागतात आणि आंतरजालावर लिहिलेलं पुसलं जात नाही. धाग्यावरचे दोन टवाळ प्रतिसाद उडवले आहेत, लिहिणाऱ्यांना समज दिली आहे.

वाचनमात्र_२३ (रात्री १२.५१)

ओवा मिळाला. वर शिव्या पण, लग्नात बुंदी जास्त खाल्लास म्हणून.

फोन लागला. मराठीत बोलल्या. रडलो जरा. उद्या परत बोलायचं ठरलंय त्यांच्याशी. आजी घोरालीय, झोप येईल असं वाटत नाही, पण खालीच आहे.

क्लासवाली_वडगाव (रात्री १२.५३)

छान. झोप नाही आली तर इथं लिही. मी मोबाइल उशाला ठेवलाय. आणि धोका वाढतोय असं वाटलं तर आजीला उठव, ११२ लाव, आमची वाट बघत बसू नको.

वकील_कॅम्प

सकाळी वाचलं. कायद्याचं थोडं, कारण 'पोलीस केस होते' या भीतीनं लोक पेशंटला दवाखान्यात न्यायला उशीर करतात.

आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा धरून चालतो. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५. त्याला शिक्षा करायची नाही, उलट काळजी आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. त्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात आलेलंच नाही. सरकारी नोकराला भाग पाडण्यासाठी किंवा अडवण्यासाठी प्रयत्न केला तर त्याचं कलम २२६ आहे, ते वेगळं प्रकरण. दवाखाना नोंद करतो, पोलीस जबाबाला येऊ शकतात, पण म्हणून पोरगं आरोपी होत नाही. आधी दवाखाना गाठायचा.

कलम ३७७ खाली दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, तो निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. तरी दोन मुली घर सोडून गेल्या की घरचे 'बेपत्ता' म्हणून तक्रार देतातच. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयांना सांगितलंय की अशा वेळी सज्ञान व्यक्तीची इच्छा आधी विचारा, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायला लावू नका. हा निकाल माहीत असलेला वकील धरा.

वाचनमात्र_२३ (दुपारी ३.२०)

झोपलो पहाटे. सकाळी मावशीला फोन केला. वर धारवाडच्या ताईंनी लिहिलंय तसंच सांगितलं, दुसरं गुपितच फक्त. लई त्रास व्हायलाय, एकट्याला नको वाटतंय, एवढंच. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं नंतर सांगतो. 'बरं' म्हणाली आणि संध्याकाळच्या बसनं येते म्हणाली.

स्थळाचं काय करायचं ते अजून माहीत नाही.

सोशलवर्कर_धारवाड

स्थळाचं आज ठरवू नकोस. मावशी येऊ दे. लग्न पुढं ढकलायला जगात हजार कारणं चालतात. नोकरी, पुढचं शिक्षण, पत्रिका. (पत्रिकेचा असा उपयोग मी मनापासून मान्य करते.) मोठे निर्णय डोकं थाऱ्यावर आलं की.

डॉक्टरांकडं जायची तयारी झाली तर इथं विचार. जाताना 'तुम्ही एलजीबीटी पेशंट बघता का?' हे फोनवर आधीच विचारायचा तुला हक्क आहे. उत्तर द्यायला घुटमळले, किंवा 'बदलून देऊ' म्हणाले, तर तिथं जायचं नाही. दुसरा डॉक्टर बघायचा.

रेणुका_सौंदत्ती

पोरा, जेव वेळेवर. आणि आजीला ओव्याबद्दल आमच्याकडून नमस्कार सांग (कारण न सांगता).

खानापूर_पॅसेंजर

एक प्रश्न राहिला. खानापूरसारख्या ठिकाणी बेळगावला जायचं म्हटलं तरी घरात कारण द्यावं लागतं, धारवाडचं तर नावच नको. आमच्याकडं 'धारवाडला न्यायला पाहिजे याला' (म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात) ही शिवी आहे. तालुक्यात काही आहे का?

सोशलवर्कर_धारवाड

शिवी मलाही ठाऊक आहे, तिथंच नोकरी करते म्हटल्यावर रिक्षावाले वळून बघतात. डिमहान्समध्ये, म्हणजे धारवाडच्या त्याच इस्पितळात, रोज साध्या झोपेच्या तक्रारीची, परीक्षेच्या भीतीची माणसं येतात आणि औषध घेऊन संध्याकाळच्या बसनं परत जातात.

तालुक्याचं : कर्नाटकात 'मनोचैतन्य' नावाचा कार्यक्रम आहे. मानसोपचारतज्ज्ञ ठरलेल्या मंगळवारी तालुका रुग्णालयात येऊन बसतात. तुमच्याकडं कुठला मंगळवार ते रुग्णालयात फोन करून विचारा, बदलतो. फायदा असा की त्याच इमारतीत तापाची, दाताची, बाळंतपणाची सगळी गर्दी असते, त्यामुळं बाकावरच्या काकूंना 'ताप होता' सांगता येतं. चिठ्ठी कन्नडमध्ये लिहितील, लिहू देत, डॉक्टरांशी मराठीत बोला. बहुतेकांना कळतं. नाही कळलं तर बरोबर नेलेल्या नातेवाइकाला दुभाषी करू नका, नर्सपैकी कुणी मराठी जाणणारं आहे का विचारा. नातेवाइकासमोर पोरगं खरं बोलणार नाही.

क्लासवाली_वडगाव

वरचं सगळं मूळ लेखात भरते आहे. मंगळवारचं खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीवाल्यांनी आपापल्या रुग्णालयात विचारून इथं कळवा. खानापूरचं पॅसेंजर, तुम्ही करता ना?

खानापूर_पॅसेंजर

उद्या सकाळी जातो. तसंही दात दाखवायचाय.